लोकरीची भाकर

परवा नातसुनेने बाजारातून फेल्टचे तुकडे आणले. लाल, हिरवे, पिवळे, सगळे एकाच मापाचे. माझ्या पणतीला खेळातलं स्वयंपाकघर मिळालं आहे. त्यात शेगडी आहे, नळ आहे, फ्रिजसुद्धा आहे, फक्त खायला काही नाही. तेव्हा या तुकड्यांमधून टमाटे, पोळ्या, पिझ्झा असं काहीबाही शिवायचं ठरलं, आणि "आजी, तुमचा टाका बारीक आहे" असं गोड बोलून पोळ्यांचं काम माझ्या गळ्यात घातलं गेलं. मी एक तुकडा उचलला आणि नकळत नाकाशी नेला. त्याला वासच नव्हता.

"कापड हुंगताय काय आजी?" नातसून हसली.

तिला काय सांगणार? मी ओळखते तो नमदा, दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड, आधी वासाने घरात शिरायचा. ओल्या मेंढीचा वास, रिठ्याच्या फेसाचा वास, कढत पाण्याची वाफ. नाक मुरडावं असा, आणि नाक मुरडूनही तिथून हलू नये असा. पंचाऐंशी ओलांडल्यावर मला काल काय जेवले ते आठवत नाही, पण तो वास आठवतो. माझी धाकटी बहीण शेवंता पाच वर्षांची होती, मी नऊ, तेव्हाचा एक हिवाळा त्या वासात मुरलेला आहे.

आम्ही दुसरबीडचे. शाळेतल्या नकाशावर आमचं गाव 'मध्यप्रांत व वऱ्हाड' अशा लांबलचक नावाखाली होतं आणि मास्तर छडीने दूर नागपूर दाखवत. गावाचं येणंजाणं मात्र सगळं जालन्याकडे, म्हणजे निजामाच्या मुलखात. आमची शेती बऱ्यापैकी होती, घरी बैलजोड्या होत्या, आणि घरात माझ्या आत्याचं राज्य होतं. आत्या बालविधवा. स्वयंपाक सोवळ्यात, लोकरीची धाबळी नेसून. ती धाबळी नेसलेली असली की आम्ही पोरी तिच्यापासून चार हात लांब उभ्या राहायचो. चुकून परकराचा घोळ लागला तरी तिची पुन्हा अंघोळ, आणि मग आमची खैर नसे.

परसाला लागून रहिमतबीचं घर. तिचा नवरा पिंजारी. हिवाळा लागला की खांद्यावर पिंजायची धनुकली टाकून तो गावोगाव गाद्या पिंजत फिरे. रहिमतबी घरीच नमदे करी, घोड्याच्या खोगिराखाली आणि म्हाताऱ्या माणसांच्या अंथरुणात घालायचे. धनगरांचे कळप गावाबाहेर उतरले की ती लोकर घेऊन येई. मग दुपारभर तिच्या धनुकलीच्या तातीचा आवाज आमच्या परसात येत राही. एक लांब टणत्कार, मग दोन छोटे. त्या तालावर आमच्याकडे धान्य पाखडलं जाई, भांडी घासली जात. तात थांबली की आमच्या बायकांचे हातही घटकाभर थांबत, आणि आपण का थांबलो ते कुणाला कळत नसे.

तिचं काम बघत बसणं हा माझा नाद. विणणं नाही, शिवणं नाही, सुई नाही, दोरा नाही. चटईवर पिंजलेली लोकर पसरायची, वरून रिठ्याचं कढत पाणी शिंपडायचं, चटईची गुंडाळी करायची आणि ती पायाने पुढे-मागे लाटत राहायचं. बस. तासा-दोन तासांनी गुंडाळी उघडली की मघाशी फुंकर घातली असती तर उडालं असतं, ते आता दोघींनी दोन्हीकडून ओढलं तरी तुटत नसे. मी प्रत्येक वेळी आ वासून बघे.

"रहिमतबी, तू काय करतं याले?"

"म्या काय करू? पाणी हाय अन् पाय हायेत. लोकरच एकमेकीले धरते."

एवढंच तिचं उत्तर. मला ते पुरायचं नाही. आजही पुरत नाही.

त्या वर्षी पौषात शेवंताला मुदतीचा ताप आला, हल्ली टायफॉइड म्हणतात तो. मेहकराहून डॉक्टर आले. पहिले पंधरा-सोळा दिवस ती डोळे मिटून पडून होती. सातूचं पाणी, लाह्यांचं पाणी, एवढ्यावर. आम्हाला वाटलं, कठीण दिवस हेच. पण डॉक्टर ताप उतरल्यावर पुन्हा आले आणि म्हणाले की खरे कठीण दिवस आता आहेत. आतडी आतून सोललेली असतात. आता पोरीला भूक लागेल, मागेल, रडेल. रडू द्या. दहा दिवस अन्नाचा कण पोटात जाता कामा नये. गेला तर आतडं फुटेल, मग माझ्याही हातात काही नाही.

हे खरं आहे हे गावाला सांगावं लागत नव्हतं. आदल्याच साली खालच्या आळीतल्या एका बाईने माया येऊन तापातून उठलेल्या लेकराला भाकरीचा पापुद्रा दिला होता. दुसऱ्या दिवशी लेकरू गेलं. ती बाई पाण्याला निघाली की बायका तिच्यासाठी वाट सोडत आणि तिच्याकडे बघत नसत.

आणि शिवारात नेमका हुरडा आलेला. संध्याकाळी गोवऱ्यांवर भाजणाऱ्या कणसांचा वास खिडकीतून सरळ शेवंताच्या खाटेवर येई. खिडकी लावली तर कोंडतं, उघडली तर हुरडा. तिचे डोळे एवढे मोठे झाले होते, की तोंडावर दुसरं काही दिसतच नसे. मोठी माणसं कामाला गेली की मी तिच्याजवळ बसे. ती माझ्या परकराला धरून ठेवी.

"अक्का, भाकर दे वं. येवढीशी." ती बोटाच्या नखावर अंगठा ठेवून दाखवी. "मायले नाही सांगत मी."

तिसऱ्या दिवशी मी दिली असती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. दुपारच्या माझ्या भाकरीतला चतकोर मी ओच्यात लपवला आणि परसातून मागल्या दाराने आत निघाले होते. मला सगळं ठाऊक होतं. ती बाईही ठाऊक होती. पण नखावर ठेवलेला तो अंगठा माझ्याने बघवत नव्हता. रहिमतबी दोन्ही परसांमधल्या कुडापलीकडे लोकर वाळवत होती. तिने माझी चाल बघूनच ओळखलं असणार.

"ओच्यात काय हाय वं पोरी?"

मी रडायलाच लागले. तिने कुडावरून हात घालून भाकरीचा तुकडा काढून घेतला, कोंबड्यांना टाकला आणि माझ्या आईला हाक मारली नाही. मग वाळत घातलेल्या लोकरीकडे वळली.

"तिले भाकरच पाह्यजे ना? चाल. करू."

तिने पांढरी लोकर घेतली, आणि त्यात चिमूटभर काळी पिंजली. "भाकरीले डाग नाही पडले तं ते भाकर कायची?" चटईवर तिने ती लोकर परातीएवढी पसरली. मी म्हटलं, एवढी मोठी? शेवंताचा तळहात केवढा, आणि ही भाकर केवढी? "लोकर आटते पोरी. लहान पाह्यजे असंन तं मोठं मांडा लागते." मग तिने मधोमध फडक्याचा एक गोल तुकडा ठेवला आणि त्यावर लोकरीचा पातळ थर दिला. का, ते तिने सांगितलं नाही. पाणी, गुंडाळी, आणि या वेळी पाय नाहीत, हात. आम्ही दोघींनी मिळून लाटलं. माझे तळवे रिठ्याने आत्याच्या तळव्यांसारखे सुरकुतले. उघडून बघावं तर दरवेळी भाकर थोडी लहान, थोडी जाड. शेवटी तळहाताएवढी उरली. मग रहिमतबीने कडेला कात्रीने एक बारीक चीर दिली, आतलं फडकं ओढून काढलं, आणि वरचा पापुद्रा टम्म सुटा झाला.

खरोखरचा पापुद्रा. तव्यावरून उतरल्यासारखा, खाली वाफ असल्यासारखा. मी तो उचलून बघितला आणि मला भीतीच वाटली. माणसाच्या हातून असं होऊ नये, असं काहीसं वाटलं.

ती वाळवून घरात नेताना आत्या दारातच आडवी आली. "काय हाय ते? कोनाच्या हातचं?"

"रहिमतबीच्या. पन भाकर नोहे आत्या. लोकर हाय."

आत्याने लांबूनच मान वाकडी करून निरखलं. स्वतःच्या अंगावरची धाबळी लोकरीचीच. तिचं सोवळं सगळं त्यावर उभं. "लोकर ना? लोकरीले इटाळ नसते. जाय."

शेवंताने भाकर दोन्ही हातांत घेतली. हुंगली. पापुद्रा उचलला आणि आत डोकावली. खिडकीबाहेरच्या ओट्यावर रहिमतबी येऊन बसली होती. आमच्या घरात तिचं येणं ओट्यापर्यंतच. तिथून गजांतून ती म्हणाली, "आता जेव. असं ओठाले लाव. डोळे मीट. काय लागलं सांग."

शेवंताने बराच वेळ डोळे मिटले. "गोड."

"जेवलं का?"

"जेवले."

"मंग ठेवून दे. जेवल्यावर ठेवून द्या लागते. मंग उद्या पुन्हा मिळते."

त्या दिवशी शेवंता भाकरीसाठी रडली नाही. मी पुन्हा तिला कुशीत घेऊन झोपले, किती तरी दिवसांनी.

मग आमचं सुरू झालं. रोज एक पदार्थ. पळसाच्या वाळक्या फुलांत लोकर उकळली की केशरी होई, त्याच्या जिलब्या वळल्या. हळदीत पिवळी, तिची पुरणाची पोळी. हळदीवर निळीचं बोट फिरवलं की हिरवी, त्या मिरच्या, देठासकट. काळ्या लोकरीचं वांगं. मांडा तर तिने असा पातळ उतरवला की त्यातून खिडकीचे गज दिसत. शेवंता मातीच्या बोळक्यांत ते सगळं मांडून ठेवी आणि आम्हाला वाढी. एकदा ती म्हणाली, वरण पाहिजे. मी हिरमुसले, वरण कसं करणार? रहिमतबीने पिवळी लोकर घेतली, पिंजली, आणि पाणी न लावता तशीच बोळक्यात सोडली. "हे नाही दाबाचं. वरन असंच राह्यते." हलवलं की ते खरंच हलायचं. शेवंता ओठ लावी, डोळे मिटी, "आंबट" म्हणे, आणि ठेवून देई. आंबट का, हे विचारायची सोय नव्हती.

एका दुपारी बाबा शेतातून आले. उन्हातून एकदम अंधाऱ्या माजघरात, आणि समोर शेवंता, हातात भाकर, ओठाला लागलेली. बाबा असे ओरडले की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. त्यांनी झेप घालून भाकर हिसकली, दुसऱ्या हाताने मला एक ठेवून दिली आणि भाकर चुरगाळायला मूठ आवळली. ती चुरगळेना. त्यांनी मूठ उघडली. भाकर पुन्हा फुलली. बाबांनी ती उलटी केली, सुलटी केली, पापुद्र्यात बोट घातलं. मग ते खाटेच्या पायथ्याशी बसून राहिले. भाकर परत देताना त्यांनी ती माझ्याकडे दोन्ही हातांनी दिली.

इथे मी थांबले, तर नातसून म्हणते, "आजी, सुई हातात धरून कुठे हरवलात?" पोळी अर्धी शिवून झाली आहे. हे फेल्ट आटत नाही. जेवढं कापाल तेवढंच राहतं. सोयीचं आहे, नाही म्हणत नाही. मागे एकदा मोटारीतून दुसरबीडवरून जाताना मी गाडी थांबवायला लावली होती. रहिमतबीचा कूड होता तिथे टायरचं पंक्चर काढायचं दुकान होतं. नमदा म्हटलं तर दुकानदाराला कळेना. मी शाळेत वरच्या वर्गात असताना रहिमतबीच्या दाराला एक दिवस कुलूप दिसलं. जालन्याकडे गेले म्हणाले, कुणी म्हणे त्याच्याही पुढे. परसात त्या दिवसापासून तात वाजली नाही. कुडाजवळच्या रिठ्याच्या झाडाखाली बिया पडून राहू लागल्या.

पण मला सांगायचा आहे तो दहावा दिवस. डॉक्टरांनी शेवंताचं पोट चाचपलं, जीभ बघितली आणि म्हणाले, आता मऊ भात द्या. द्याच. अंगात काही उरलेलं नाही, आता नाही खाल्लं तर तापातून वाचलेली पोर उपासाने जाईल. आईने देवापुढे साखर ठेवली. आत्याने धाबळी नेसून जुन्या तांदळाचा गुरगुट्या भात केला, चिमूटभर मीठ घातलं. आईने पहिला घास शेवंताच्या तोंडाशी नेला.

शेवंताने तो ओठाला लावला. डोळे मिटले. "गोड," म्हणाली, आणि आईचा हात वाटीत परत ठेवून दिला. "जेवले."

आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या घासालाही हसलो. तिसऱ्याला आईने भात जिभेवर ठेवलाच, तेव्हा तो तसाच बाहेर आला. "ठेवून द्या लागते माय," ती समजावून सांगू लागली. "नाही तं उद्या मिळत नाही." मग हसू आटलं. डॉक्टर निघून गेले होते. आईने दटावलं, बाबांनी गोंजारलं, मी माझ्या तोंडात घास घालून दाखवला. पण खेळात आम्ही सगळ्यांनीच तिच्यापुढे खोटं खाल्लं होतं, माझ्यावर तिचा काय विश्वास? दुपार कलली. तिचे पाय गार पडू लागले. आईचा धीर सुटला.

"त्या रहिमतनंच याड लावलं माह्या लेकराले!" खिडकीकडे तोंड करून ती ओरडली.

रहिमतबी ओट्यावरच होती. सकाळपासून. "हाव," ती म्हणाली. "म्याच लावलं बाई. म्याच काढतो. मले आत येऊ द्या."

सगळे आत्याकडे बघू लागले. आत्या दाराच्या चौकटीत, धाबळी नेसलेली. तिने एकदा खाटेकडे पाहिलं.

"पाय धुऊन ये," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

रहिमतबी खाटेजवळ खाली बसली. तिने लोकरीची भाकर तळहातावर घेतली आणि हात पुढे केला. आत्याने चार बोटं वरून त्या भाकरीवर भात सोडला. रहिमतबीने त्यातला अर्धा उचलून तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग शेवंतापुढे तोंड उघडलं. "पाह्य. काही हाय का?"

शेवंता कोपरावर उठून आत डोकावली. "कुठं गेलं?"

"पोटात."

"परत येईन?"

"नाही येत. दुसरं येते."

शेवंताने यावर विचार केला. आई वाटी घेऊन पुढे सरली, तिला तिने हातानेच थांबवलं. तिचं बोट रहिमतबीच्या तळहातावरच्या उरलेल्या भाताकडे होतं. "हे."

रहिमतबीने हात मागे घेतला. "नाही बाई. ते माह्यं उष्टं हाय."

"हेच."

बाबा जमिनीकडे बघत होते. आत्याने रहिमतबीच्या तळहाताकडे पाहिलं, तिथल्या भाकरीकडे, आणि घसा खाकरला.

"लोकरीवर हाय ना ते?" ती म्हणाली. "लोकरीले इटाळ नसते. भरव तिले."

हे असं कुठल्या पोथीत लिहिलं होतं, ते देव जाणे. आत्या रोज पोथी वाचायची, आणि आम्हाला उष्ट्याखरकट्याचे सतरा नियम सांगायची. त्यात हा कधी नव्हता.

रहिमतबीने घास दिला. शेवंताने डोळे मिटले नाहीत. तिने चावलं. पुष्कळ वेळ चावलं, आणि तिचा बारीक गळा वर गेला आणि खाली आला. मग तिने तोंड उघडलं. रहिमतबीने आत बघितलं. मग आईने, मग बाबांनी, मग मी. दुधाचे दात, पांढुरकी जीभ, बाकी काही नाही. रिकामं तोंड. एवढं सुंदर काही मी त्यानंतर बघितलेलं नाही. शेवटी तिने आत्याकडे तोंड वळवलं, आणि आत्याही वाकली, धाबळीचा पदर खाटेला लागला तरी वाकली.

"दुसरं," शेवंता म्हणाली.

दुसरं आईच्या वाटीतलं आलं. तेही गेलं. रहिमतबी भाकर तिथेच ठेवून मागल्या पावली बाहेर गेली. आत्या खाली बसली. लोकरीत भाताची शितं अडकली होती. ती नखाने एकेक उपसून तळहातावर गोळा करू लागली. अन्न टाकू नये, असं स्वतःशीच पुटपुटत होती. मला वाटलं, आता उठून गाईला घालील. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ती शितं आपल्या तोंडात घातली.